स्ट्रेचरचा पुढचा माणूस

“आमच्या गच्चीवर उतरेल का हो?”

परळच्या ऑफिसात फोन उचलला की पलीकडून हा प्रश्न ठरलेला. कोणी गच्ची म्हणायचं, कोणी शाळेचं मैदान. एकाने तर साखर कारखान्याचं आवार सुचवलं होतं, वजनकाट्याजवळ बरीच मोकळी जागा आहे म्हणून. मी सांगायचो, “दादा, हेलिकॉप्टर नाही, विमान आहे. त्याला धावपट्टी लागते. जवळची धावपट्टी कुठली ते आम्ही बघतो. तुम्ही फक्त पेशंटचं वजन सांगा.”

वजन म्हटलं की माणूस दचकायचा. ज्याचा बाप आत व्हेंटिलेटरवर आहे त्याला वजन काय विचारता? पण लहान विमानात सगळं वजनावर चालतं. पेशंट, डॉक्टर, यंत्रं, ऑक्सिजनचे सिलिंडर, बरोबरचा एक नातेवाईक आणि इंधन. एक माणूस जास्त घेतला तर इंधन कमी भरावं लागतं, आणि इंधन कमी भरलं तर वाटेत कुठेतरी उतरावं लागतं. हे रडणाऱ्या माणसाला फोनवर दोन वाक्यांत समजावणं हा माझ्या नोकरीचा अर्धा भाग. उरलेला अर्धा म्हणजे उचलणं.

मी सातवी पास. हा लेख मीच लिहिलाय, सुनेने ऱ्हस्व-दीर्घ तेवढं बघितलं. ती म्हणाली, “बाबा, एवढी वर्षं विमानात काढलीत, सुरुवात जरा रुबाबात करा.” पण रुबाबाचं माझ्याकडे फार काही नाही. एअर अँब्युलन्समध्ये डॉक्टर असतो, पायलट असतो, आणि पेशंटला खाटेवरून उचलून विमानात आणि विमानातून उतरवून दुसऱ्या खाटेवर ठेवणारी माणसं असतात. मी त्यातला. या धंद्यात त्याला ‘खाटेपासून खाटेपर्यंत’ म्हणतात. मधलं आकाश लोकांना दिसतं. माणूस दगावतो तो बहुतेक करून दोन टोकांना, उचलताना किंवा ठेवताना. म्हणून सगळी भीती त्या दोन टोकांची. मला तर ती आजही वाटते. घरात कोणी कपाट हलवायला घेतलं तरी मी उठून उभा राहतो.

माझं गाव वेंगुर्ल्याच्याही पुढे. वडील लवकर गेले, शाळा सुटली, आणि आईने मला मुंबईला पाठवलं ते दत्तारामच्या भरवशावर. दत्ताराम आमच्याच वाडीतला, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. मी त्याला दत्तादा म्हणायचो, तो मला सुऱ्या. लालबागला आमच्या गावकऱ्यांची एक खोली होती. गावातून गिरणीत आलेले बाप्ये तिथे पाळीपाळीने झोपायचे. एकेकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. दत्तादाने आपली ट्रंक सरकवून माझी वळकटी मावेल एवढी जागा केली आणि मला गिरणीच्या साचेखात्यात बदलीवर लावलं. बदली म्हणजे कायमचा कामगार आला नाही तर त्या दिवसापुरता माणूस. रोज फाटकात उभं राहायचं, नाव पुकारलं तर आत.

साचेखातं म्हणजे जिथे माग चालतात तो भाग. मागाला आम्ही साचा म्हणायचो. साच्यावर सुताने भरलेला मोठा रूळ चढवावा लागतो, त्याला बीम म्हणतात. ते बीम वाहून न्यायचं काम आमचं. दोन साच्यांच्या मधली वाट एका माणसाची, आणि त्यातून दोघांनी जड बीम न्यायचं. धक्का लागला तर शेकडो धागे तुटणार. आवाज तर असा की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी शब्द पोचत नाही. त्यामुळे साचेखात्यात कोणी बोलतच नसे. हनुवटी हलवली की उचल. डोळे मिटून उघडले की थांब. पुढच्या माणसाने खूण करायची आणि मागच्याने त्याच्या खांद्याकडे बघत चालायचं. मी बारीक, म्हणून मी पुढे. दत्तादा मागे.

आणखी एक रीत होती, ती इथेच सांगून ठेवतो. बीमला धक्का लागला, धागे तुटले, की जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, धावत यायचा आणि विचारायचा, कोणाचा हात सुटला? अशा वेळी जोडीतला एकजण लगेच पुढे होऊन म्हणायचा, “माझा.” खरा कोणाचा सुटला याच्याशी त्याचा संबंध नसे. ती पाळी असायची. एकदा तू, एकदा मी. शिव्या खायच्या, सुटीचा भोंगा वाजला की विसरायचं. पाळी कोणाची हे कुठे लिहिलेलं नसायचं, पण दोघांच्याही लक्षात असायचं.

मग गिरण्यांचा संप झाला. आधी वाटलं शिमग्यापर्यंत मिटेल, मग वाटलं गणपतीपर्यंत. खोलीतली माणसं एकेक करून ट्रंका घेऊन गावी गेली. मला गावी जाऊन करायला काही नव्हतं. दत्तादाही राहिला. त्याला झोप येत नसे. म्हणायचा, “भोंगो नाय, साचो नाय, ह्या गप गप मध्ये माणसान कसा निजाचा?” शेवटी त्याने परळच्या एका इस्पितळात स्ट्रेचर ओढायचं काम मिळवलं आणि महिन्याभरात मलाही आत घेतलं. त्या माणसाने मला दोनदा पोटाला लावलं. हे मी आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे जे लिहायचंय ते वाचताना ते लक्षात असलेलं बरं.

कॅप्टन आम्हाला भेटले ते गिरगावात, खोताच्या वाडीत. एका म्हाताऱ्या ख्रिस्ती बाईंची कंबर मोडली होती आणि त्यांना माडीवरून खाली आणायचं होतं. लाकडी जिना, मध्ये काटकोनात वळण. आम्ही दोघांनी त्यांना उतरवलं. शेजारच्या घराच्या ओट्यावर पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ उभे राहून बघत होते. हवाई दलातून निवृत्त झालेले. त्यांनी विचारलं, “तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत का नाही?”

दत्तादा म्हणाला, “बोलान काय करतलो, साहेब? वझा काय बोलण्यान हलका होता?”

कॅप्टन हसले. पुढच्या आठवड्यात निरोप आला. त्यांनी दोन भागीदार घेऊन एक विमान भाड्याने घेतलं होतं, आणि त्यांना न बोलता उचलणारी माणसं हवी होती.

तेव्हा महिन्याला एखादाच फोन यायचा. बाकीचे दिवस आम्ही विमानतळावर उभ्या विमानात वाळूच्या गोण्या स्ट्रेचरवर बांधून आत-बाहेर करायचो. विमान आतून साधारण मोठ्या जीपगाडीएवढं. दार अरुंद, जमिनीपासून उंच. पेशंट डोक्याकडून आत न्यायचा, तिरपा वर, मग आत वळवायचा, आणि त्याच्या अंगाला लावलेल्या नळ्या त्याच्याबरोबरच वळल्या पाहिजेत. डॉक्टर मॅडम होत्या नलिनीबाई, भूलतज्ज्ञ. त्यांनी आम्हाला नळ्या शिकवल्या. कुठली काढली तर चालते, कुठली क्षणभरही काढायची नाही. वर गेल्यावर हवा विरळ होते आणि बंद जागेतली हवा फुगते हे त्यांनी वेफर्सचं पाकीट विमानात नेऊन दाखवलं. पाकीट टम्म झालं. म्हणाल्या, “पेशंटच्या पोटात, छातीत, प्लास्टरच्या आत असंच होतं. आधी वाट करून द्यावी लागते.” सातवी पास माणसाला यापेक्षा चांगलं कोण शिकवणार?

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. विदर्भातल्या एका सराफांना हृदयाचा झटका आला होता, पण स्ट्रेचरवर झोपायला तयार नव्हते. “अख्खं गाव बघायला आलंय. आडवा होऊन गेलो तर गेलोच म्हणतील.” शेवटी स्ट्रेचरची पाठ उभी केली, त्यांच्या डोक्यावर टोपी ठेवली, आणि धावपट्टीच्या कुंपणाशी जमलेल्या लोकांना ते हात करत गेले. दार लागल्यावर निमूट झोपले.

वरळी कोळीवाड्यातल्या एक मावशी आठवतात. त्यांचा नवरा रत्नागिरीकडे बोटीवर जखमी झाला, तर आणायला त्या आमच्याबरोबर आल्या. परतताना पायलट धावपट्टीवर उभा, आणि मावशी त्याला सांगतायत, “वारा फिरलाय रं, थांब जरा.” पायलटने हसून यंत्र बघितलं, मग खरंच दुसऱ्या टोकाकडून उड्डाण केलं. वाटभर मावशी मला म्हणत होत्या, “त्याला शिकवलं कोनी? पुस्तकानं?”

गावी आईला वाटायचं विमान मीच चालवतो. मी कधी नाही म्हटलं नाही. कौतुकाची सवय लवकर लागते, आणि कौतुक गमवायची भीती त्याहून लवकर.

आता ज्या दिवसाबद्दल लिहायचं टाळत इथपर्यंत आलो, तो दिवस.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावच्या शाळेतल्या बाई. वय तिशीच्या आतबाहेर. पायांपासून सुरू होऊन वर चढत जाणारा एक लकवा असतो. हातपाय जातात, मग श्वासाचे स्नायू जातात. माणूस व्हेंटिलेटरवर ठेवला आणि तेवढे आठवडे निभावले तर बरा होतो, पुन्हा चालतो. पण तेवढे आठवडे निभावण्याची सोय त्या गावात नव्हती. म्हणून परळला आणायचं. मॅडमनी निघतानाच आम्हाला सांगितलं होतं, “ह्या बेशुद्ध नाहीत. पापणीसुद्धा धड हलत नाही, पण सगळं ऐकू येतंय, सगळं दिसतंय. त्यांच्यासमोर वाटेल ते बोलू नका.”

सकाळची वेळ होती. छोटी धावपट्टी, एक पत्र्याची शेड, बाजूला शेळ्या. बंद इंजिन पुन्हा चालू करायला बाहेरून वीज देणारी गाडी लागते, ती तिथे नव्हती. म्हणून पायलटने पलीकडच्या बाजूचं एक इंजिन चालूच ठेवलं होतं. आवाज असा की शेजारच्याचा शब्द ऐकू येईना. दत्तादाच्या चेहऱ्यावर मात्र अशा वेळी तजेला यायचा. मला खुणेने म्हणायचा, साचेखातं.

गावच्या इस्पितळाची अँब्युलन्स विमानाच्या दाराशी लावली. बाईंच्या तोंडातली श्वासाची नळी अजून त्या गाडीतल्या यंत्राला जोडलेली होती. क्रम ठरलेला. मॅडम ती नळी गाडीच्या यंत्रापासून सोडवणार, हाताने दाबायची पिशवी जोडणार, मग मान हलवून आम्हाला उचलायची खूण करणार. मी डोक्याशी, दत्तादा पायांशी. मॅडम माझ्या शेजारी.

पायलटने खिडकीतून अंगठा दाखवून विचारलं, तयार? मॅडमनी मान हलवली.

ती मान पायलटसाठी होती. मी उचललं. हात पुढे झाले, दत्तादाचे माझ्या खांद्यामागोमाग झाले, स्ट्रेचर वर गेलं, आणि नळी गाडीतच राहिली. म्हणजे नळी बाईंच्या घशातून निघून आली.

मॅडमनी जे केलं ते बघून मी पुढे आयुष्यभर डॉक्टरांसमोर कमी बोललो. आम्हाला एका हाताने खाली दाबलं, मास्क तोंडावर धरला, पिशवी दाबायला लागल्या. बाईंच्या ओठांचा रंग बदलत होता. त्या माझ्याकडे बघत होत्या, खालून वर, उलट्या. श्वास कोंडला होता आणि हातही वर करता येत नव्हता. मॅडमनी घशात दिवा घालून नवी नळी बसवली. किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. शेळ्या होत्या तिथेच चरत होत्या एवढं आठवतं.

ओठांचा रंग परत आला. मॅडमनी आधी पिशवीकडे, मग आमच्याकडे बघितलं आणि ओरडून विचारलं, “कोणी उचललं?”

“माझा हात,” दत्तादा तसाच ओरडून म्हणाला. “मागून माझाच हात आधी उचलला गेला, मॅडम.”

त्याला विचार करावा लागला नाही. पाळी त्याची होती. गिरणीतली शेवटची शिवी मी खाल्ली होती, हे त्याच्याही लक्षात होतं आणि माझ्याही.

बाईंचे यजमान विमानात माझ्या शेजारी बसले. त्यांना शेडपाशी थांबवलेलं, त्यामुळे काय झालं ते दिसलं नव्हतं. मुंबई येईपर्यंत त्यांनी माझा हात धरून ठेवला. “तुमच्यामुळे, भाऊ. तुमच्यामुळे आम्ही निघालो तरी.” मी मान खाली घालून त्यांचा हात धरून बसलो.

गिरणी आणि विमान यांतला फरक दुसऱ्या दिवशी कळला. विमानात काही चुकलं की कागद भरावा लागतो. कोण, कुठे, काय, कसं. त्यावर दत्ताराम हे नाव लिहिलं गेलं. जॉबरच्या शिव्या भोंगा वाजला की संपायच्या, हा कागद संपणारा नव्हता. कॅप्टननी दत्तादाला बोलावून शांतपणे सांगितलं की त्यांना त्याला ठेवता येणार नाही. दत्तादा बाहेर आला, डबा उचलला आणि मला म्हणाला, “जातंय मी. तू रव.”

आता माझी पाळी होती. आत जाऊन “माझा हात” म्हणायचं, एवढंच. मी दारापर्यंत गेलो. आत कॅप्टन इंग्रजीत फोनवर बोलत होते. मी उभा राहिलो आणि मला बदलीची रांग दिसायला लागली. नाव पुकारतील की नाही म्हणून फाटकात ताटकळणारी सकाळ. लग्नाला वर्ष झालं होतं, आईला दर महिन्याला मनिऑर्डर जात होती, सातवी पास माणसाला तिसऱ्यांदा कोण आत घेणार? मनात म्हटलं, उद्या सांगू. मग दुसऱ्या दिवशी म्हटलं, फोनची धावपळ संपली की सांगू. एकदा न सांगता आठवडा गेला की पुढचा आठवडा सोपा जातो, हे मला तेव्हा समजलं. अशा समजण्याचा अभिमान वाटत नाही.

दत्तादाला गिरगावात एका छापखान्यात कागदाचे गठ्ठे उचलायचं काम मिळालं. खोलीत भेट व्हायची. तो कधी विषय काढत नसे. मी त्याच्यासाठी बांगडे आणायचो. तो खायचा.

आठ महिन्यांनी दुपारी ऑफिसच्या दाराशी टॅक्सी थांबली. काठी टेकत एक बाई उतरल्या, मागे यजमान. मी ओळखलं नाही. उभं राहून चालणारा पेशंट आम्हाला ओळखता येत नाही, आम्ही त्यांना फक्त आडवं बघितलेलं असतं.

“तुम्ही पुढे होतात,” त्या म्हणाल्या. “मला तुमची हनुवटी आठवते. खालून दिसायची.”

मी खुर्ची दिली, पाणी दिलं. यजमान पेढ्यांचा पुडा सोडत होते. बाई म्हणाल्या, “आणि ते दुसरे? माझा हात म्हणाले ते? त्यांना भेटायचंय मला.”

मी म्हटलं, “ते आता इथे नसतात.”

“का?”

मी पाण्याचा पेला उचलून ठेवायला वळलो. त्या शिक्षिका होत्या. वर्गात कोण गप्प आहे आणि का, हे बघायची त्यांना सवय असणार. यजमानांना म्हणाल्या, “तुम्ही जरा टॅक्सी थांबवून ठेवा.” ते बाहेर गेल्यावर आवाज न चढवता बोलल्या.

“डॉक्टरबाईंनी पायलटकडे बघून मान हलवली. तुम्ही उचललं. मला दिसत होतं सगळं. ओरडून सांगावंसं वाटत होतं, अहो थांबा, नळी लावलेली आहे. नंतर इस्पितळात पडल्यापडल्या दुसरं कामच नव्हतं, तेच आठवायचं. तुमचं चुकलं याचा मला राग नाही आला. चूक होते. ते बिचारे माझा हात म्हणाले आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत, ते मात्र डोक्यातून जाईना.”

मी त्यांच्याबरोबर टॅक्सीत बसून गिरगावात गेलो. छापखाना एका गल्लीत होता. जेवणाची सुट्टी होती. दत्तादा शाई लागलेले हात पुसत बाहेर आला, टॅक्सीच्या खिडकीशी वाकला, आणि बाईंना बघून त्याने ओळखलं. मी ओळखलं नव्हतं, त्याने ओळखलं.

“चलूक लागलास, बाय?” म्हणाला. “बरा झाला.”

बाईंनी विचारलं, “चूक तुमची नव्हती. मग तुम्ही तसं का सांगितलंत?”

“आमच्यात तसाच असता. कोणीतरी एकट्यान बोलूचा लागता. माझी पाळी होती.”

“आणि नंतर? नंतर यांनी सांगायला नको होतं?”

दत्तादाने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. बीम पुढे न्यायचं की नाही, असं विचारताना बघायचा तसं. मग बाईंना म्हणाला, “तेची पाळी होती. तो इसारलो असतलो.”

मी विसरलो नव्हतो हे त्याला माहीत होतं. तेवढी जागा त्याने मला करून दिली, पुन्हा एकदा.

मी तिथून परळपर्यंत चालत आलो. कॅप्टन ऑफिसात होते. मी उभ्यानेच सांगितलं, कागद मागवा, त्यावर नाव चुकलंय. त्यांनी मला बसवलं, सगळं ऐकून घेतलं आणि मॅडमना बोलावलं. मॅडमनी कागद घेऊन पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, “मान मी हलवली होती, कॅप्टन. तेही त्यात लिहिलेलं नाही. मला कळायला हवं होतं, मी विचार केला नाही.”

विमानाच्या कागदांत खाडाखोड चालत नाही. चुकीचं लिहिलेलं पांढऱ्या शाईने झाकायचं नाही, कागद फाडायचा नाही. त्यावरून एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी, बाजूला बरोबर काय ते लिहायचं, आणि सही, तारीख. कॅप्टननी दत्तारामच्या नावावरून रेघ मारली. शेजारी माझं नाव लिहिलं. मॅडमनी स्वतःच्या हाताने दोन ओळी वाढवल्या. मग कॅप्टन मला म्हणाले, “सूर्यकांत, तुम्ही तीन महिने विमानाला हात लावायचा नाही. गाड्या धुवा.” मी गाड्या धुतल्या. काढून टाकतील या भीतीने आठ महिने काढले होते, आणि त्यांनी काढलं नाही. मी त्यांचा ऋणी आहे. त्यामुळे ते आठ महिने आणखीच नकोसे वाटतात.

दत्तादाला परत बोलावलं. तो महिनाभराने आला, छापखान्याच्या मालकाला दुसरा माणूस बघून देऊन. मी विचारलं, “तिथे बरं होतं ना?” म्हणाला, “बरा होता. पण मशीनचो आवाज बारको.” खुणेची पद्धत कॅप्टननी बंद केली नाही, बदलली. तेव्हापासून डॉक्टरचा हात पुढच्या माणसाच्या खांद्यावर पडल्याशिवाय स्ट्रेचर हलत नाही. बघून नाही, स्पर्शाने. दत्तादा आणखी बरीच वर्षं होता, मग गुडघे गेले तसा गावी गेला, आणि तिथेच वारला. आम्ही दोघांनी एकत्र मात्र पुन्हा कधी उचललं नाही. कॅप्टननी जोड्या बदलल्या होत्या. आम्हीही कधी मागून घेतलं नाही.

धंदा पुढे वाढला, म्हणजे किती वाढला. एका फोनचे चार झाले. नागपूर, रायपूर, जबलपूर, गोरखपूर, ज्या गावांची नावं मी नकाशात शोधायचो तिथून रोज विचारणा. दुसऱ्या कंपन्या आल्या, आगगाडीतून अँब्युलन्स देणारे आले, इस्पितळांच्या दाराशी कार्डं वाटणारी माणसं उभी राहिली. आता नव्या मालकांच्या सभेत पडद्यावर एक रेघ दाखवतात, डावीकडून उजवीकडे वर जाणारी. मला पुढच्या रांगेत बसवतात, सर्वांत जुना माणूस म्हणून. त्या रेघेवर माझं पोट भरलं, मुलगा शिकला, तेव्हा मी तिला नावं ठेवणार नाही. पण ती बघताना मला एकेक गाव दिसतं. प्रत्येक उड्डाण म्हणजे अशी एक जागा, जिथे चार आठवडे चालेल असं एक यंत्र आणि ते चालवणारा एक माणूस नव्हता. त्या बाईंच्या तालुक्यात आता व्हेंटिलेटर आलेत असं ऐकतो. तिथून फोन कमी येतात. सभेत कोणी ती गोष्ट आनंदाची म्हणून सांगत नाही.

गेल्या वर्षी कंपनीत नवे भागीदार यायचे होते, म्हणून जुने कागद तपासायला काढले. मॅनेजर तरुण आहे, मुलगा चांगला. तो एक फाईल घेऊन माझ्याकडे आला. “काका, हा खूप जुना रिपोर्ट. खाडाखोड आहे, वर तुमचं नाव आहे. त्या लोकांनी बघितलं तर उगाच प्रश्न. मी स्वच्छ टाईप करून ठेवतो, किंवा ठेवतच नाही. एवढा जुना कोण मागणारे?”

मी चष्मा लावून बघितलं. कागद पिवळा पडलाय, पण रेघेखालचं नाव वाचता येतं.

“आहे तसा राहू दे,” मी म्हटलं. “आणि मला एक झेरॉक्स काढून दे.”

ती झेरॉक्स मी शिकवताना वापरतो. निवृत्तीनंतरही आठवड्यातून दोन दिवस नव्या माणसांना उचलायला शिकवायला जातो. नळ्या, दार, खांद्यावरचा हात, सगळं झालं की कागद फिरवतो. बहुतेकजण काय घडलं तेवढं वाचून पुढे देतात. पण एखादा नीट बघणारा असतो. त्याला दोन तारखा दिसतात, घटनेची एक आणि दुरुस्तीची एक, आणि तो मध्ये किती महिने गेले ते बोटांवर मोजतो. मग विचारतो, “काका, नाव दुरुस्त करायला एवढा वेळ का लागला?”

त्याला मी समोरची खुर्ची दाखवतो, आणि सांगायला लागतो.